मदत हवी आहे: अमेरिकेत सार्वभौम नेमकं कोण, केंद्र की राज्यं?

लेकीला यंदा शाळेत अमेरिकी शासनव्यवस्था हा विषय आहे (आम्ही न्यू जर्सीत असतो). माझं नागरिकशास्त्र भारतातल्या दहावीपुरतं, त्यामुळे तिच्या प्रश्नांपुढे माझी दांडी गुल.

इतिहास कळला. १७८१च्या 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन' या पहिल्या घटनेखाली काँग्रेसला (म्हणजे केंद्राच्या संसदेला) कर बसवता येत नव्हता, सतत राज्यांपुढे हात पसरायचे. दुरुस्तीला तेराही राज्यांचा होकार हवा. १७८६मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी कोर्टं बंद पाडली, तेव्हा केंद्राच्या तिजोरीत खडखडाट. शेवटी बोस्टनच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर फौज उभी राहिली! म्हणून १७८७ला फिलाडेल्फियात नवी घटना.

घोडं अडतं ते तत्त्वज्ञानात. प्रजासत्ताक लहान मुलखातच टिकतं, असं फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू म्हणतो. 'ब्रूटस' या टोपणनावाने लिहिणारा नव्या घटनेचा विरोधक त्याचाच दाखला देतो. आणि हॅमिल्टन 'फेडरलिस्ट' या नव्या घटनेच्या बाजूने लिहिलेल्या लेखमालेच्या क्र. ९मध्ये त्याच माँतेस्क्यूला साक्षीला बोलावतो, की लहान प्रजासत्ताकांनी संघ करावा. त्याच लेखमालेत मॅडिसन क्र. १०मध्ये भलतंच सांगतो: देश मोठा, गट अनेक, म्हणून कुणा एकाची झुंडशाही अवघड. हे मला पटतं.

पण इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जच्या मते सार्वभौमत्वाचे तुकडे पडत नाहीत. मग एकाच माणसावर दोन सरकारं कशी? जाणकारांनी सोप्या भाषेत सांगा, प्लीज.

प्रतिसाद १

ताई, दोन्ही सरकारांना सार्वभौम मानलंत की गाठ सुटत नाही. सार्वभौम जनता. घटनाकारांपैकी एक असलेल्या जेम्स विल्सनने १७८७मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या घटना-मंजुरीच्या अधिवेशनात हेच मांडलं. सरकार म्हणजे इंग्रज तत्त्वज्ञ लॉकच्या विचारातला विश्वस्त, मालक नव्हे. मालकाने काही कामं एका मुनीमाला दिली, काही दुसऱ्याला, एवढंच. फेडरलिस्ट क्र. ५१ वाचा: सत्ता आधी दोन सरकारांत वाटली, मग प्रत्येकात पुन्हा शाखांत, म्हणजे हक्कांना दुहेरी संरक्षण.

कागदावर छान. प्रत्यक्षात मेरीलँडने केंद्राच्या बँकेवर कर लावला आणि वाजलं. १८१९मध्ये सरन्यायाधीश मार्शलनी निकाल दिला: घटनेत बँकेचा उल्लेख नसला तरी काँग्रेस ती काढू शकते, आणि राज्याला तिच्यावर कर लावता येणार नाही, कारण कर लावण्याच्या अधिकारात संपवण्याचा अधिकार येतो. लेकीला हाच खटला वाचायला द्या.

धागाकर्ती

खूप आभार! मुनीम तिला लगेच कळला. आता तिचा पुढचा बाउन्सर: राज्याला फुटून निघता येत नाही, हे घटनेत कुठे लिहिलंय?

प्रतिसाद २

कुठेच नाही. आधी यादवी युद्धाने ठरवलं, मग १८६९च्या 'टेक्सस विरुद्ध व्हाइट' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने. खटला मुळात सरकारी रोख्यांच्या पैशाचा होता! आपल्याकडे आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८च्या भाषणात हे आधीच स्पष्ट केलं: आपला संघ राज्यांच्या करारातून झालेला नाही, म्हणून फुटायचा हक्क कुणालाच नाही. अमेरिकनांना त्यासाठी युद्ध करावं लागलं, हेही त्यांनी त्यातच सांगितलंय.