वर्षातल्या उत्तम मालिका निवडताना रीमेकचं काय करायचं? (२०२५ची यादी)

नौपाडकर

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या वाचनालयात दर वर्षअखेरीला मालिकांचं मतदान होतं. टीव्ही आणि ओटीटी दोन्ही धरून नावं मागवतो आणि त्यातून पाच निवडतो. यंदा यादी लिहायला घेतली तर रीमेकच रीमेक. 'ठरलं तर मग' मूळची तमिळ 'रोजा', 'लाखात एक आमचा दादा' म्हणजे तमिळ 'अण्णा', 'लक्ष्मी निवास' कन्नड, 'सावळ्याची जणू सावली' बंगाली 'कृष्णकली'वरून. शिवाय 'पंचायत'ची तेलुगू आवृत्ती 'शिवरापल्ली' जानेवारीत आली आणि आपल्या 'तुला पाहते रे'ची हिंदी 'तुम से तुम तक' जुलैत. दुसऱ्या बाजूला ब्रिटिश 'अ‍ॅडोलेसन्स', हिंदी 'ब्लॅक वॉरंट', 'पाताल लोक'चा दुसरा सीझन.

हे सगळं एकाच रांगेत लावायचं का? मूळ मालिका न बघता रीमेकला गुण द्यावेत का? आणि जी डेली सोप अजून चालूच आहे तिचं मूल्यमापन कुठल्या भागांवर करायचं? 'क्रिमिनल जस्टिस'च्या चौथ्या सीझनवरून तर वादच झाला. निम्मे म्हणतात रीमेक, निम्मे म्हणतात स्वतंत्र.

ऐरोलीचा_नाका

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. बीबीसीच्या मूळ 'क्रिमिनल जस्टिस'चे दोनच सीझन आहेत, २००८ आणि २००९चा. हिंदीतला २०१९चा पहिला आणि २०२०चा दुसरा हे त्यांच्यावर बेतलेले. २०२२चा 'अधुरा सच' आणि यंदाचा 'अ फॅमिली मॅटर' यांच्या कथा इथेच लिहिल्या गेल्या. माधव मिश्रा वकील तोच, पण खटला नवा. त्यामुळे चौथा सीझन स्वतंत्र यादीत टाका.

मात्र रीमेक कसा तपासायचा हे शिकायला पहिल्या सीझनइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण एकाच कथेच्या तीन आवृत्त्या उपलब्ध आहेत: बीबीसी, एचबीओची २०१६ची 'द नाइट ऑफ' आणि हिंदी. टॅक्सी, रात्र, मुलगी, सकाळी रक्त, आणि आठवत काहीच नाही, हे तिन्हीकडे आहे. फरक सुरू होतो तो अटकेनंतर.

इंग्लंडमध्ये पोलिस ठाण्यातली चौकशी टेपवर होते, शेजारी वकील बसलेला असतो आणि तिथे बोललेलं कोर्टात पुरावा म्हणून येतं. १९९४च्या कायद्यानंतर तर गप्प राहिल्याचाही अर्थ आरोपीच्या विरोधात काढता येतो. त्यामुळे "तोंड उघडू नकोस" हा वकिलाचा सल्ला तिथे जुगार ठरतो आणि चौकशीच्या खोलीतच नाट्य उभं राहतं. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही (पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३). चौकशीत वकिलाला भेटता येतं, पण पूर्ण वेळ बसता येत नाही. म्हणून तोच प्रसंग इथे जसाच्या तसा उचलला की जीव नसतो. हिंदी लेखकांनी वजन कारागृहावर आणि कुटुंबावर टाकलं, ते बरोबर केलं.

दुसरी जागा: अमेरिकन आवृत्तीत सरकारी वकील कमी शिक्षेचा सौदा पुढे करतात (गुन्हा कबूल केला तर) आणि आरोपी नाझ तो स्वीकारतो की नाही यावर श्वास रोखला जातो. आपल्याकडे असा सौदा सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात करताच येत नाही, म्हणजे खुनात प्रश्नच नाही. तिसरी: ज्यूरी. इंग्लंड-अमेरिकेत वकील बारा सामान्य माणसांना पटवतो, इथे एका न्यायाधीशाला. भाषणाचा सूरच बदलावा लागतो. हिंदी कोर्टरूम मालिकांमध्ये वकील प्रेक्षकांच्या बाकांकडे तोंड करून बोलताना दिसला की समजावं, मूळचा ज्यूरीचा प्रसंग नीट सोडवलेला नाही.

'अ‍ॅडोलेसन्स'चा भारतीय रीमेक व्हावा असं बरेच जण म्हणतात. चार भाग, प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये, तंत्र इथल्या लोकांनाही जमेल. अडचण कथेत आहे. तेरा वर्षांच्या जेमीला पहाटे दार तोडून हत्यारबंद पोलिस उचलतात, कारण इंग्लंडमध्ये दहाव्या वर्षापासून गुन्हेगारी जबाबदारी लागू होते. ही कथा ठाण्यात घडवली तर बाल न्याय कायदा २०१५ लागतो. मुलाला बेडी नाही, लॉकअप नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं, पुढे निरीक्षणगृह. दोषी ठरला तरी जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात. पहिला भाग अख्खा नव्याने लिहावा लागेल. तिसरा भाग, मुलगा आणि मानसशास्त्रज्ञ बाई समोरासमोर, तो मात्र जवळजवळ तसाच इथे उभा राहील. माझं पहिलं मत 'अ‍ॅडोलेसन्स'ला, आणि ते मुख्यतः त्या तिसऱ्या भागासाठी.

माजिवडा_जंक्शन

ऐरोलीकर, कायद्याचं पटलं. डेली सोपमध्ये कायद्याच्या जागी नातेसंबंध येतात, तपासायची रीत तीच.

नौपाडकर, सगळे भाग बघणं शक्य नाही, गरजही नाही. आठवड्याला सहा भाग धरून पहिले दोन आठवडे, म्हणजे बारा भाग बघा, कारण तिथे कथा मूळ मालिकेला सर्वांत जवळ असते. मग लग्नाचा ट्रॅक: एंगेजमेंटपासून गृहप्रवेशापर्यंत. मग लीप (कथेत काही वर्षं पुढे उडी) आला असेल तर लीपनंतरचा आठवडा. आणि शेवटी या वर्षातला कुठलाही महासप्ताह (मोठ्या घडामोडींचा, खास जाहिरात केलेला आठवडा) नसलेला साधा आठवडा. हा शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. महासप्ताहात सगळ्याच मालिका चांगल्या दिसतात. पाहुणे, हळदीकुंकू, जेवणाचं टेबल अशा निवांत भागांत लेखन टिकतं की नाही ते कळतं.

मूळचे फक्त पहिले बारा भाग बघा. 'रोजा' सन नेक्स्टवर आहे, झीच्या सगळ्या झी५वर. भाषा कळली नाही तरी कोण कुठे बसतं, कोण कोणाच्या पाया पडतं, बाई स्वयंपाकघरातून बाहेर कधी येते, एवढं बघितलं तरी पुरे.

चुकतं कुठे? दक्षिणेकडच्या कथांत मामाचं स्थान फार मोठं असतं. तमिळ समाजात मामा-भाचीचं लग्न रूढ आहे. आपल्याकडे मामेबहीण अनेक समाजांत चालते, मामा चालत नाही. लेखक मग त्या पात्राला 'लांबचा नातेवाईक' किंवा 'वडिलांच्या मित्राचा मुलगा' करतात. त्याचा त्या घरावरचा हक्क जातो आणि तो सारखा घरात का येतो याला कारणच उरत नाही. असं बिनकारणाचं पात्र दिसलं की बदल अर्धवट केलाय असं धरा.

जमतं कुठे, तर 'सावळ्याची जणू सावली'. बंगालीत नायिका श्यामा कृष्णाचं कीर्तन गाते. मराठीत त्या जागी विठ्ठल आणि अभंग आले. सावळ्या रंगावरून हिणवली जाणारी मुलगी आणि सावळाच देव हा धागा इथल्या मातीत आपोआप बसला, ओढून आणावा लागला नाही. दुसरं जुनं उदाहरण बंगाली 'श्रीमोयी'चं: तीच बाई मराठीत 'आई कुठे काय करते'ची गाणारी अरुंधती झाली आणि हिंदीत नाचणारी अनुपमा. पहिल्या वर्षभराची कथा एकच, पण स्वतःचं असं काय ती परत मिळवते हे बदललं, आणि त्यामुळे पुढचा प्रवासही वेगळा झाला.

टीआरपी मात्र गुणांत धरू नका. गुरुवारी येणारा आकडा वेळेचा स्लॉट, समोरच्या वाहिनीवर काय आहे, क्रिकेट आहे का, यावर हलतो.

कोपरखैरणे_सेक्टर

'शिवरापल्ली'ला माझा विरोध. माणसं चांगली आहेत, राग मयूर छान आहे, पण आठ भागांत 'पंचायत'च्या पहिल्या सीझनचे प्रसंग जवळजवळ क्रमाने येतात. २०२४ची तमिळ 'थलैवेट्टियान पालयम' हीदेखील त्याच वाटेने गेली. मूळ बघितलेल्याला नवं काय मिळतं?

मराठीत कोणी 'पंचायत' केली तर काय करता येईल ते सांगतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. आपल्याकडे स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, त्यामुळे सरपंचपती, म्हणजे सरपंच बाईच्या नावाने कारभार करणारा नवरा, हा एकट्या गावचा प्रकार नसून अख्ख्या तालुक्याचा आहे. त्यांची आपसांत बैठक बसते, हे दाखवता येईल. ग्रामनिधीचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या संयुक्त सहीने निघतो. म्हणजे नवऱ्याने कितीही कारभार केला तरी सहीला बाईच लागते. एका सहीवर दोन भाग सहज निघतील. आणि आपला ग्रामसेवक कचेरीत खाट टाकून राहणारा नाही, तो तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलवर येतो. मुख्यालयी राहण्याची अट आणि त्यावरून ग्रामसभेत होणारा गोंधळ, ही तर तयार गोष्ट. 'पंचायत'मधल्या फुलेरा गावाचं भुताचं झाड आणण्याची काही गरज नाही.

नौपाडकर

सगळ्यांचे आभार. याद्या दोन करतो. रीमेकसाठी ५० गुण: अभिनय आणि भाषा १५, साध्या आठवड्यातलं लेखन १५, इथल्या व्यवस्थेप्रमाणे कथा किती नव्याने बांधली याला २०. 'ठरलं तर मग'ला यात कसे गुण द्याल? कराराचं लग्न, वकील नवरा, खरी मुलगी आणि तोतया मुलगी हा सांगाडा तमिळचाच आहे.

माजिवडा_जंक्शन

बांधणीत वीसपैकी दहा-अकरा. सांगाडा तोच, पण नायकाचं सुभेदारांचं घर, पूर्णा आजी, सासू कल्पना आणि सून सायली यांच्यातलं बोलणं अस्सल मराठी घरातलं आहे. साध्या आठवड्याच्या लेखनात पंधरापैकी तेरा सहज. कोर्टाचा ट्रॅक मात्र ऐरोलीकरांना दाखवू नका, ते गुण कापतील.

ऐरोलीचा_नाका

कापणारच. नवरा वकील, आरोपी बायकोला वडिलांसारखा, आणि तीच साक्षीदार. वकिलाच्या घरातूनच साक्षीदार उभा राहिला की उलटतपासणीत काय काय विचारलं जाईल याचं उत्तम नाट्य होतं, ते हातचं सोडलं. पण बांधणीला दहा मलाही मान्य.

वाशी_प्लाझा

एक राहिलं. 'तुम से तुम तक'ला यंदा पूर्ण गुण देऊ नका. 'तुला पाहते रे' ऑगस्ट २०१८ ते जुलै २०१९, वर्षही पुरतं झालं नाही. त्या मालिकेचा खरा धक्का उत्तरार्धात आहे: नायक विक्रांत सरंजामेचं दुसरं रूप आणि त्याची पहिली बायको राजनंदिनी. तिचा कन्नड रीमेक 'जोथे जोथेयली' २०१९ ते २०२३ चालली, म्हणजे तोच धक्का कितीतरी लांबवर ताणावा लागला. हिंदी आत्ता कुठे सुरू झाली आहे. विक्रांतच्या जागी असलेल्या नायकाला ते काळा रंग देतात की प्रेक्षकांना आवडला म्हणून सोज्वळच ठेवतात, यावर बांधणीचे वीस गुण ठरतील. तोवर अभिनयाचे पंधरा द्या आणि बाकीचा रकाना पुढच्या डिसेंबरपर्यंत मोकळा ठेवा.

आणि 'ब्लॅक वॉरंट' पुस्तकावरून आहे म्हणून कोणी रीमेकमध्ये ढकलेल, तसं करू नका. तिहारमधल्या जेलरच्या पुस्तकावरून पहिल्यांदाच पडद्यावर आलेली ती कथा आहे. सात भाग आहेत, मतदानाआधी एका शनिवार-रविवारात होतील.