'डार्क' दुसऱ्यांदा बघतोय, या वेळी आईबरोबर. काय काय टिपू?

रानवारा

नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे.

२०२० च्या टाळेबंदीत नेटफ्लिक्सवरची 'डार्क' ही काळप्रवासाची जर्मन मालिका आठवड्याभरात संपवली होती. पहिल्या सीझनचे १० भाग, मग ८ आणि ८, एकूण २६. तेव्हा कोण कोणाचा कोण हे लागेपर्यंत पुढचा भाग सुरू झालेला असायचा. शेवट बघून गप्प बसलो होतो हे आठवतं, पण मधलं बरंचसं हातून निसटलं.

आता आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि ती दोन महिने माझ्याकडे आहे. निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर गणित शिकवलं. रोजच्या मालिकांना कंटाळली आहे, "डोक्याला काम देणारं काहीतरी लाव" म्हणते. म्हणून 'डार्क' लावायचं ठरवलंय. तिची पहिली वेळ, माझी दुसरी.

विचारायचं असं, की मूळ जर्मन लावू की इंग्रजी डबिंग? तिचा रस न घालवता मी शेजारी कसं बसायचं? आणि मी स्वतः या वेळी कुठे लक्ष ठेवू? पहिल्या वेळी निसटलेल्या बारीकसारीक गोष्टी या वेळी बघायच्या आहेत.

मृण्मयी_क

आधी सगळ्यांसाठी: खाली स्पॉयलर येणार, न पाहिलेल्यांनी इथूनच परत फिरा. आणि रानवारा, हा धागा आईंच्या हाती लागू देऊ नका.

मी ही मालिका तीनदा पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिल्या वेळी आपण कोण कोणाचं कोण ते शोधत असतो. दुसऱ्या वेळी कोणाला काय आधीपासून माहीत होतं ते दिसायला लागतं. दुसऱ्यांदा बघण्याचा खरा आनंद इथे आहे. कोपऱ्यातली चिन्हं शोधत बसू नका, माणसांचे चेहरे बघा. विशेषतः बोलणाऱ्याचा नाही, ऐकणाऱ्याचा.

उदाहरण म्हणून नायक योनासची इनेस आजी घ्या. पहिल्या भागाच्या सुरुवातीला योनासचा बाप मिखाएल गळफास घेतो आणि मागे पत्र ठेवतो. पाकिटावर लिहिलंय, ४ नोव्हेंबरला रात्री १०:१३ च्या आधी उघडू नये. इनेस ते उचलते आणि लपवते. पहिल्यांदा बघताना वाटतं, काय बाई आहे, पोटच्या पोराचं पत्र सुनेपासून आणि नातवापासून लपवते! दुसऱ्यांदा बघताना कळतं की त्या मुलाला तिने १९८६ मध्ये दवाखान्यात पहिल्यांदा पाहिलंय, तो आपलं नाव मिकेल सांगत होता, आणि काळात मागे जाऊन पुढे तिचा मिखाएल होणारा तोच मिकेल आता त्याच गावात अकरा वर्षांचा होऊन हिंडतोय. हे ओझं घेऊन ती बाई वावरते आहे.

आणि मिकेलचं ते नाश्त्याच्या टेबलावरचं वाक्य! सांगाड्याचा पोशाख घालून जादू दाखवतो, बाप उलरिख विचारतो हे कसं केलंस, आणि पोरगं म्हणतं, प्रश्न कसं हा नाही, कधी हा आहे. पहिल्याच भागात, त्याच्याच तोंडून, अख्ख्या मालिकेची किल्ली हातात ठेवली आहे. पहिल्यांदा मी हसून सोडून दिलं होतं. दुसऱ्यांदा अंगावर काटा आला.

आभाळवेडा

जर्मनच लावा, सबटायटलसह. डबिंगमध्ये निम्मा जीव जातो.

आईंना वाचायला सोपं पडावं म्हणून प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन सबटायटलची अक्षरं मोठी करा आणि मागे काळी पट्टी ठेवा. मालिका फार अंधारी आहे, पांढरी अक्षरं कधी कधी आकाशात विरून जातात. खोलीतली ट्यूब मात्र बंद ठेवा, नाहीतर गुहेतलं काही म्हणजे काही दिसणार नाही.

आणि सुरुवातीची शीर्षकं कधीही पुढे ढकलू नका. आरशात धरल्यासारखी ती जोडचित्रं दर सीझनला बदलतात. पहिल्या वेळी अर्थ लागत नाही, दुसऱ्या वेळी प्रत्येक चित्र कुठल्या प्रसंगातलं आहे ते ओळखू येतं. आम्ही घरी पैजा लावायचो.

इझारकाठची

म्युनिकहून लिहिते आहे. इथे राहायला आल्यावर मालिका पुन्हा पाहिली, तेव्हा काही गोष्टी नव्याने कळल्या.

एक म्हणजे रेडर. मालिकेत रेडर नावाच्या चॉकलेटचं वेष्टन दिसतं. आपल्याला ते कुठलंही चॉकलेट वाटतं. पण जर्मन माणूस ते बघून ताडकन उठून बसतो, कारण १९९१ मध्ये रेडरचं नाव बदलून ट्विक्स झालं. रेडरचं नवंकोरं वेष्टन २०१९ मध्ये सापडलं, तर ते आलं कुठून? इथे त्या नावबदलाच्या जाहिरातीची ओळ आजही लोकांच्या तोंडी आहे: रेडरचं आता ट्विक्स झालं, बाकी काही बदललं नाही. नुसती पाटी बदलली आणि आत सगळं तेच, असं काही दिसलं की सहकारी ती ओळ म्हणतात. या मालिकेसाठी याहून नेमकं चॉकलेट सापडलं नसतं.

दुसरं, 'झी' आणि 'डू'. म्हणजे आपलं तुम्ही आणि तू. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्हीचं सरसकट एकच होतं. कान देऊन ऐका, अनोळखी वाटणारं माणूस समोरच्याला कोणत्या शब्दाने हाक मारतं. आपल्या कानाला हा फरक सवयीचा आहे, त्यामुळे जर्मन येत नसलं तरी दोन भागांत पकडता येतो.

तिसरं चित्र. काळप्रवाशांचा म्होरक्या आडम, त्याच्या दालनात भिंतीवर जे प्रचंड चित्र आहे, नरकात कोसळणाऱ्या देहांचं, ते रुबेन्सचं आहे. मूळ इथे आल्टे पिनाकोटेकमध्ये लावलंय. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. दुरून एकच वाहती वस्तू वाटते, धबधब्यासारखी. जवळ गेलं की एकेक माणूस दिसतो, प्रत्येकाने दुसऱ्या कुणाला तरी धरलेलं, आणि त्या धरण्यामुळेच दोघंही खाली चाललेले. मालिका डोक्यात असेल तर वेगळं काही सांगावं लागत नाही.

पंचांगप्रेमी

३३ वर्षांचं चक्र आईंना नक्की आवडेल, गणिताच्या शिक्षिका आहेत म्हणून सांगतो.

१९५३, १९८६, २०१९. पुढच्या सीझनमध्ये सगळे काळ एकेक पाऊल सरकतात: १९२१, १९५४, १९८७, २०२०, २०५३. आणि १९२१ मधून ३३ वजा केले की १८८८, तेही येतं. ३३ का, तर चंद्र-सूर्याचा मेळ. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे सौरवर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. ३४ चांद्रवर्षं आणि ३३ सौरवर्षं यांच्यात जेमतेम चार-पाच दिवसांचा फरक उरतो. म्हणून रमजान ईद सगळ्या ऋतूंतून फिरून साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येते. आपल्याकडे हा फरक साचू देत नाहीत, दर तीनेक वर्षांनी धोंड्याचा महिना घालून हिशोब जुळवतात. मालिकेतल्या विंडेन गावात हिशोब कुणीच जुळवत नाही, असं मी आमच्या मुलीला समजावलं होतं.

तारखांची अजून एक गंमत. मिखाएल गेला तो दिवस २१ जून २०१९, आणि दुसरा सीझन त्याच दिवशी प्रदर्शित झाला. कथेतला प्रलयाचा दिवस २७ जून २०२०, आणि तिसरा सीझन त्या दिवशी. आम्ही तो त्याच रात्री पाहिला, बाहेर टाळेबंदी होती, रस्ते रिकामे होते. तो अनुभव आता परत मिळणार नाही.

सीमोल्लंघन

यूट्यूबवर 'डार्कमधले सगळे छुपे संदर्भ' असे व्हिडिओ आहेत, ते आधी बघून घ्या. वेळ वाचेल.

मृण्मयी_क

सीमोल्लंघन, मला हे अजिबात पटत नाही. दुसऱ्याने बोट ठेवून दाखवलेली गोष्ट डोक्यात राहत नाही. सगळं संपल्यावर बघा हवं तर. तसंच सगळे प्रसंग कालक्रमाने जोडून बघायचा सल्लाही कुणी देईल, तोही मानू नका. बारान बो ओडार आणि यांत्ये फ्रीझे या जोडीने क्रम फार विचार करून लावला आहे. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागाचं नाव 'आरंभ आणि अंत' आणि शेवटच्याचं 'अंत आणि आरंभ', इतकं मोजूनमापून केलेलं काम आहे ते.

दिवेलागण

एक वस्तू धरून मालिका बघा, असं मी सुचवेन. मी संत ख्रिस्तोफरचं लॉकेट धरलं होतं. तळ्याकाठच्या वाळूत ते योनासला आणि मिकेलच्या बहिणीला, मार्थाला, सापडतं, दोघं प्रेमात असतात, आपल्याला वाटतं छान खूण आहे. ते वाळूत आलं कुठून, हे कळायला तिसरा सीझन उजाडावा लागतो. १९५४ मध्ये योनासची आई हाना ते हेलेनं नावाच्या एका घाबरलेल्या मुलीला देते आणि आपलं नाव कातारिना सांगते. मुलीला नाव आवडतं. पुढे ती स्वतःच्या लेकीला तेच नाव ठेवते. आणि १९८७ मध्ये तीच मोठी झालेली लेक, आपल्या मिकेलला शोधत मागे आलेली, तळ्याकाठी आईच्या हातून मरते. झटापटीत तिच्या मुठीत आलेलं लॉकेट वाळूत पडतं.

आता परत तळ्याकाठचा तो गोड प्रसंग बघा. मला तो पुन्हा पूर्ण बघवला नाही.

दुसरा माणूस धरायचा तर म्हातारा हेल्गे. शाळेतल्या सभेत शिरून "हे पुन्हा घडणार" म्हणतो आणि लोक त्याला हात धरून बाहेर नेतात. विसराळू म्हातारा म्हणून सगळे सोडून देतात, आपणही. दुसऱ्या फेरीत त्याचं एकेक वाक्य लिहून काढा. एकही वायफळ नाही. माझ्या आजीला शेवटची चार वर्षं काही आठवत नव्हतं. तीही एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची आणि आम्ही "हो हो" म्हणायचो. हेल्गेमुळे ते वाक्य मला नीट ऐकावंसं वाटलं, पण तेव्हा ती नव्हती.

आभाळवेडा

दिवेलागण, काय लिहिलंत! ❤

हलकं काहीतरी सांगतो. पोलीस वोलर आठवतो? डोळ्यावर पट्टी असलेला. डोळ्याला काय झालं हे मालिका कधीच सांगत नाही. तिसऱ्या सीझनमधल्या दुसऱ्या जगात तोच वोलर येतो, डोळा ठीक, पण एक हात नाही. दोन जगांतला फरक सांगायला त्यांनी हा बिचारा एक माणूस वापरलाय.

इझारकाठची

आईंच्या रसभंगाबद्दल राहिलंच. नेटफ्लिक्सने मालिकेचं एक संकेतस्थळ काढलं होतं, त्यात आपण कुठल्या भागापर्यंत आलोय ते निवडलं की तेवढीच वंशावळ आणि माहिती दिसायची. पण मी म्हणेन, आईंना कागद-पेन्सिल द्या. चार कुटुंबं चार कोपऱ्यांत लिहून द्या: कानवाल्ड, नील्सन, डॉप्लर, टीडेमान. बाकी त्यांचं त्यांना भरू दे. त्यांनी काही विचारलं तर उत्तर देऊ नका, "लिहून ठेव" एवढंच म्हणा. आणि नवीन माणूस आला की त्यांच्याकडे बघू नका. आपल्या नजरेवरूनच त्यांना कळतं.

मी माझ्या सासूबाईंबरोबर पाहिली होती. शार्लोटे आणि एलिझाबेथ एकमेकींच्या आई आणि लेक दोन्ही आहेत, हे कळल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाळंतपण कोणी कोणाचं केलं?" मला वाटतं त्या प्रश्नाइतकं त्या दोघींबद्दल नेमकं कुणीच बोललेलं नाही.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस झाले, म्हणून हालहवाल सांगतो.

जर्मनच लावली, अक्षरं मोठी केली. आईला पूर्ण आकाराचा ड्रॉइंग पेपर आणून दिला, तिने पलंगाशेजारच्या कपाटावर चिकटवलाय. चार कोपरे, चार रंग. रोज एकच भाग बघतो. नाश्त्याच्या टेबलावरच्या त्या वाक्याला मी श्वास रोखून समोर बघत बसलो, तिने काही म्हटलं नाही.

पाचवा भाग काल झाला. पत्राचा. तोपर्यंत तिच्या कागदावर योनास आणि मार्था यांच्यामध्ये एक तुटक रेघ होती, वर बारीक अक्षरात "जमेल?" लिहिलेलं. पत्र वाचून झालं, भाग संपला, पडद्यावर नावं यायला लागली. आई काठी घेऊन उठली, ट्यूब लावली आणि खोडरबराने ती रेघ हळूहळू पुसली. मग मार्थाच्या नावाखाली लिहिलं: आत्या.

इंग्रजीत 'आंट' वाचून मी २०२० मध्ये पुढे गेलो होतो. मामी, मावशी, काकू, काहीही असू शकतं त्यात. हा शब्द पेन्सिलीने लिहिलेला बघितला आणि योनासचं काय तुटलं असेल ते आत्ता कळलं. तिचं एवढ्यावर थांबलं नाही. उलरिखच्या नावापुढे "आजोबा" लिहिलं, मग हानाकडे बघितलं, उलरिखकडे बघितलं, आणि म्हणाली, "अरे, म्हणजे हा तिचा सासरा." बराच वेळ पेन्सिल हातात धरून उभी होती. गुडघा दुखेल म्हणून मी खुर्ची पुढे केली.

बसल्यावर म्हणाली, "पहिल्या दिवशी ते पोरगं जादू करताना बापाला काहीतरी म्हणालं होतं बघ. कसं नाही, कधी. ते परत लाव."

आज रात्री सहावा भाग नाही. पहिला लावतोय.