डीईएफचा लाईट जातच नाही, डबी बसवून टाकू का?

कापसी_टिपर: भाऊ लोक, माझा बीएस-६ टिपर उमरेड रोडवर गिट्टी टाकते, दिवसभर छोट्या छोट्या फेऱ्या. दोन महिन्यांपासून डीईएफचा (धूर साफ करायला टाकतो ते युरियाचं पाणी) लाईट लागून राह्यला, गाडी ओढतच नाही, ते फवारणारा नोझल दोनदा साफ केला तरी पांढरं मिठासारखं परत जमते. वाडीतला एक मेकॅनिक म्हणते एक डबी बसवून देतो, ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटते सगळं बरोबर चालू आहे, डीईएफचा खर्चच खतम. पीयूसी पण होते म्हणे. लावू का?

डिझेलकाका: पीयूसी होईलच ना बाप्पा! डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नॉक्स (नायट्रोजनचे विषारी वायू) मोजतच नाहीत, अन डीईएफ आहे नॉक्ससाठीच. गरम सायलेन्सरमध्ये युरियाचा अमोनिया होते, तो कॅटॅलिस्टवर (सायलेन्सरमधल्या रसायन लावलेल्या जाळीवर) नॉक्सचा नायट्रोजन अन पाणी करते. डबी लावली की फवारा बंद, धूर दिसणार नाही पण विष तेवढंच. बीएस-४ ला नॉक्सची मर्यादा ३.५ ग्रॅम होती किलोवॅट-अवरला, बीएस-६ ला ०.४. एवढी महाग गाडी घेतली ते काहून मग? वॉरंटी जाईल अन पकडलं तर दंड वेगळा.

वर्कशॉपवाला_हिंगणा: काका बरोबर. पण आधी हे सांगा, डीईएफ ठेवता कुठं? २५ डिग्रीत दीड वर्ष टिकते, ३५ च्या वर सहा महिन्यांतच दम जाते, अन आपल्याकडं मे महिन्यात ४५. खतवाला युरिया पाण्यात कालवून तर नाही ना टाकत कोणी? त्यावर निंबाच्या तेलाचं कोटिंग असते, कॅटॅलिस्टची वाट लागते. अन छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर तापतच नाही, युरिया अर्धवट राहून तेच मीठ जमते. आठवड्यातून एकदा हायवेला लोड घेऊन लांब काढा, डीपीएफचं (काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) रिजन, म्हणजे साचलेली काजळी जाळणं, चालू असताना गाडी बंद करू नका.

कापसी_टिपर: खतवाला नाही हो, सीलबंदच घेतो. पण कॅन टिनाच्या शेडमध्ये असतात, एक तर मागच्या उन्हाळ्यातलाच आहे. अन नरसाळं डिझेलचंच वापरतो...

वर्कशॉपवाला_हिंगणा: अरे राजा! डिझेल गेलं की पंपाचे सील फुगतात. आता चावी फिरवू नका, टाकी खाली करा, डीआयोनाइज्ड पाण्यानं धुवा, नळाच्या नाही. मग नवा सीलबंद कॅन.

कापसी_टिपर: बरं. तेच नरसाळं परवा साळ्यानं नेलं होतं त्याच्या गाडीला, त्याले फोन करतो आधी.