मदत हवी आहे : बटईने केलेल्या शेताची पीक पाहणी कशी नोंदवायची?

नमस्कार मंडळी. गावात ई-पीक पाहणीसाठी सहायक म्हणून काम करतोय. 2021 पासून शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून बांधावर जाऊन फोटोसह पीक नोंदवू शकतो, हे चांगलंच झालं. पण खरी अडचण बटईची आहे. सातबारा पुण्यातल्या मालकाच्या नावावर आणि शेत कसतात इथल्या एक मावशी. सोयाबीनच्या दर चार तासांनंतर (म्हणजे ओळींनंतर) तुरीचं एक तास, सगळं त्यांच्या हातचं. नोंद मात्र मालकाच्या खात्यावर. कृषी गणनेत प्रत्यक्ष कसणाऱ्याला धरतात, मग इथे मावशी कुठेच का दिसू नयेत?

"नाव लिहू नको, मालक जमीन काढून घेईल," असं त्या कळवळून म्हणाल्या. जबरदस्ती करणं मला पटत नाही. पण उद्या अतिवृष्टीचे पंचनामे झाले तर त्यांचं काय?

अशा कसणाऱ्यांची माहिती कोणी वेगळी ठेवली आहे का, त्यांना अडचणीत न आणता? मालकाशी बोलणं कसं काढलंत? आणि आंतरपिकाचं क्षेत्र ओळी मोजून लावता की शेतकरी सांगेल तेच? तलाठी, कृषी सहायक कोणी असाल तर जरूर सांगा.