मदत हवी आहे: सातवीच्या मुलांना कवितेतली प्रतिमा उलगडायला कसं शिकवावं?

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात सहावी ते आठवीला मराठी शिकवते. बहुतेक मुलं घरी अहिराणी बोलणारी, आईवडील शेतात राबणारे. अलंकार ओळखण्यात मुलं कच्ची नाहीत. 'जसा', 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा, हे तोंडपाठ. पण 'हेच उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना केली ती हीच गोष्ट, का घेतली असेल?' असं विचारलं की वर्ग गप्प.

गेल्या आठवड्यात बहिणाबाईंच्या दोन ओळी फळ्यावर लिहिल्या:

मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर

बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या, म्हणजे आपल्याच मातीतल्या. मुलांना पटकन कळेल असं वाटलं होतं. अर्थ लिहायला सांगितला, तर निम्म्या वह्यांत एकच वाक्य: 'मन ढोर आहे म्हणजे मन मूर्ख आहे.' मुलांना दोष कसा देऊ? 'ढोर' हा शब्द त्यांनी शिवी म्हणूनच जास्त ऐकलाय. बाकीच्यांनी गाइडातलं 'मन चंचल असते' उतरवलं. चंचल तर फुलपाखरूही असतं, मग ढोरच कशाला?

मग मी म्हटलं, आपल्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, काळाचा काया, डोळाचा डोया, तसाच ओढाळचा, म्हणजे सारखं दुसऱ्याच्या पिकात शिरणाऱ्या जनावराचा, वढाय. एरवी तोंड न उघडणारा मागच्या बाकावरचा एक मुलगा एकदम म्हणाला, "मॅडम, आमना गोऱ्हा बी वढाय शे. त्याना गयामा लोढनं बांधेल शे." (लोढणं म्हणजे जनावर मोकाट पळू नये म्हणून गळ्यात बांधतात तो ओंडका.) आणि मग वर्ग सुटलाच! हिरव्या कपाशीची चव लागलेलं जनावर कसं परत परत तिथेच शिरतं, हाकणारा कसा थकतो, काठी आपटली तरी ते कसं तोंडातला घास सोडत नाही, सगळं मुलांनीच सांगितलं. मी फक्त ऐकत होते. वीस मिनिटांत गाइडाच्या कितीतरी पुढे गेली मुलं.

शेवटी त्याच मुलाने विचारलं, "मंग मनना गयामा काय बांधानं?"

इथे मी अडले. कवितेत लोढणं नाहीच. 'कवितेत आहे तेवढंच बोल' म्हटलं असतं, तर तो मुलगा पुन्हा गप्प झाला असता. सोडून द्यावं, तर उद्या कुठलाही अर्थ कुठेही चिकटवतील. बालकवींच्या पाण्यात पाय टाकून बसलेल्या औदुंबराच्या वेळीही असंच झालं होतं. 'त्याला थंडी वाजत असेल', 'तो मासे धरतोय' असं काय काय आलं, आणि मी घाईघाईने 'चेतनगुणोक्ती' (माणूस नसलेली गोष्ट माणसासारखी वागते असं दाखवणारा अलंकार) असं फळ्यावर लिहून मोकळी झाले. त्याची रुखरुख अजून आहे.

प्रतिमा मुलांनी किती ताणावी, आणि कुठे थांबवावं? कोणी वर्गात करून पाहिलेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, थांबवू नका, कवितेकडे परत पाठवा. मी दोन गोष्टी करतो. एक, उपमान बदलून बघायला सांगतो. ढोराच्या जागी 'उभ्या पिकातली चिमणी' घाला आणि काय हरवलं ते विचारा. चिमणी टाळी वाजवली की उडते, ढोराला हाकून हाकून माणूस दमतो. हरवलं ते मुलं स्वतः बोलतात. दुसरी, मुलाने नवं काही आणलं की पुढचं कडवं वाचायचं आणि ते तिथे टिकतं का बघायचं. तुमच्या लोढण्याचं उत्तर पुढेच आहे. तिथे मन 'मोकाट' होतं, ढोर जातं आणि वाऱ्याने चाललेल्या पाण्यावरच्या लाटा येतात. त्याला ते वाचून दाखवा. औदुंबराच्या थंडीचंही तेच. त्या कवितेत कुठे गारठा जाणवतो का, हे मुलांनाच शोधू द्या.

धागाकर्ती:
मनापासून आभार. आज पुढचं कडवं वाचलं आणि त्याला विचारलं, आता कुठे बांधशील लोढणं? बराच वेळ तो फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पानीले कोन बांधी, मॅडम?" वहीत त्याने लिहिलंय, 'आधी मन हाकता येईल असं वाटतं, मग तेही वाटत नाही.' उद्या औदुंबर पुन्हा घेते.