मोझार्टची पहिली सिंफनी आणि सा-रे-म-ग

‘आठ वर्षांच्या मुलाची सिंफनी कौतुकापुरती, पुन्हा ऐकावी अशी नाही’ हे तुमचं मत मला अजिबात पटलं नाही.

१७६४ साली मोझार्ट कुटुंब लंडनमध्ये होतं. वडील लिओपोल्ड खूप आजारी पडले, घरात पियानोला हात लावायची बंदी. त्या शांततेत हा मुलगा आपली पहिली सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना, लिहायला बसला. पुढे त्या दिवसांची आठवण सांगताना बहीण नानर्ल म्हणते, हॉर्नला (वाद्यवृंदातलं पितळी फुंकवाद्य) काहीतरी चांगलं वाजवायला देण्याची मला आठवण कर, असं त्यानं तिला बजावलं होतं.

आता या सिंफनीचा दुसरा भाग, अँडांते (म्हणजे संथ चालीचा), हेडफोन लावून ऐका. व्हायोलिनची हलकी, अखंड हालचाल चालू असते आणि खालून हॉर्न चार लांब स्वर धरतात. मोझार्टची शेवटची, एकतालीस क्रमांकाची सिंफनी ‘ज्युपिटर’ ज्यांनी ऐकली आहे ते इथे चमकून थांबतील. आपल्या भाषेत सांगायचं तर सा-रे-म-ग. १७८८ मधल्या त्या ‘ज्युपिटर’चा शेवटचा भाग याच चार स्वरांनी सुरू होतो आणि अखेरीस त्यांच्यासह पाच सुरावटी एकमेकींत गुंफल्या जातात. हे स्वर तेव्हा इतर संगीतकारही वापरत, त्यामुळे त्यानं मुद्दाम मागे वळून पाहिलं असं मी म्हणणार नाही. पण ऐकताना अंगावर काटा येतो.

पहिल्या भागावर संगीतकार योहान क्रिस्तियान बाखची छाप आहे, हे तुमचं म्हणणं बरोबर. तो तेव्हा लंडनमध्येच होता. अँडांते मात्र एकदा ऐकाच.