नव्या शेडमध्ये मशिनी कशा मांडू? (६० बाय १०० फूट)

गाळेवाला_कागल:
सध्या गोकुळ शिरगावात भाड्याच्या गाळ्यात आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत स्वतःची शेड बांधतोय. काम ट्रॅक्टरच्या हबचं (चाक ज्यावर बसतं तो भाग). कास्टिंग (ओतीव भाग) १६ किलोचं, दिवसाला २५० नग. ४ टर्निंग सेंटर (संगणकावर चालणारे लेथ), २ व्हीएमसी (उभं मिलिंग आणि ड्रिलिंग करणारी मशिनं), मग वॉशिंग, तपासणी, पॅकिंग. आर्किटेक्टने टर्निंग एका ओळीत, व्हीएमसी दुसऱ्या ओळीत काढलेत. दिसायला झकास. शिवाय ५ टनी ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर फिरणारी) बसवा म्हणतो. बसवू का?

हायड्रावाला:
१६ किलोच्या जॉबला ५ टनी क्रेन? मशीन उतरवायच्या दिवशी हायड्रा (भाड्याची फिरती क्रेन) बोलवा, काम भागतं. मात्र पुढे क्रेन येणार असेल तर कॉलमचं डिझाइन आत्ताच त्या हिशेबाने करून घ्या. आणि शेड समजा १८ फूट उंच, म्हणून हुक १८ फुटांवर नसतो, गर्डर आणि ट्रॉली बरीच उंची खातात.

जुना_फिटर:
क्रेन राहू दे भावा, आधी हेल्परच्या कमरेचं बघ. १६ किलो गुणिले २५० म्हणजे दिवसाला ४ टन. दोन टर्निंग, एक व्हीएमसी, वॉशिंग, तपासणी, असे पाच थांबे. प्रत्येक थांब्याला माल जमिनीवरच्या बिनमधून उचलत असाल तर रोज २० टन नुसतं वाकून उचलणं झालं. आणि प्रत्येक थांब्यावर परत खाली ठेवायचंच.

आम्हीही एकदा लेथच्या शेजारी लेथ अशीच मांडणी केली होती. दोन ओळींच्या मध्ये अर्धवट मालाचे ढीग साचले आणि एका सेटिंगची चूक दोन दिवसांनी तपासणीत सापडली. तोवर सगळा लॉट पुढे गेलेला.

दोन टर्निंग आणि एक व्हीएमसी असा यू आकाराचा गट कर, असे दोन गट. मधे मशीनच्या टेबलाच्या उंचीचा रोलर कन्व्हेयर टाक. जॉब सरकला पाहिजे, उचलायला लागता कामा नये. चढवायला गटागणिक एक छोटी जिब क्रेन (खांबावर फिरणाऱ्या आडव्या हाताची) पुरे. मशीनच्या मागे पॅनेलचं दार उघडेल आणि चिप कन्व्हेयर (धातूचा बुरा बाहेर काढणारा पट्टा) बाहेर ओढता येईल एवढी जागा सोड. बुरा मागच्या वाटेनेच जाऊ दे, तयार मालाच्या वाटेत नको. तपासणीची खोली कॉम्प्रेसरपासून लांब.

फोर्कलिफ्ट घेणार असशील तर काटकोनात वळून पॅलेट उचलायला साडेतीन-चार मीटरची वाट लागते. ६० फुटांत ते परवडत नाही. हाताने ओढायच्या पॅलेट ट्रकवर भागव.

आणि आज एक कर: जुन्या गाळ्याच्या नकाशावर टाचण्या टोच, एका हबची वाट दोऱ्याने आख आणि दोरा मोज.

गाळेवाला_कागल:
मोजला. १४८ मीटर! गाळाच ८० फूट लांब आहे. तुमच्या यू मांडणीत ५० च्या आत बसतोय. टॉयलेट आणि पॅनेल रूम पूर्वेच्या भिंतीला काढलीय, चालेल?

जुना_फिटर:
पुढची वाढ पूर्वेकडेच करणार ना? मग तिथे पक्कं काही बांधू नकोस. आणि डिस्पॅचचं शटर पश्चिमेला नको. आपल्याकडचा पाऊस त्याच अंगाने आत येतो, मशिनिंग झालेलं कास्टिंग एका रात्रीत गंजतं.

गाळेवाला_कागल:
शटर पश्चिमेलाच दाखवलंय. उद्या आर्किटेक्टकडे जातो.